बंद पडलेल्या कंपन्यांची डार्करूम रसायनं घरी बनवताना : नाशिकहून वारंवार येणारे प्रश्न

बाटलीवरची कंपनी बुडाली, पण आतलं रसायन पुन्हा हवंय, अशा मंडळींचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक नाशिक आणि आसपासचे, त्यामुळे पाणी, हवा आणि दुकानं इथली. सूत्रं मात्र रोचेस्टर आणि लेव्हरकुझेनची, म्हणजे कोडॅक आणि आग्फाच्या गावांची. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कंपनीच राहिली नाही, मग तिचा डेव्हलपर (फिल्मवरचं किंवा कागदावरचं चित्र उमटवणारं द्रावण) पुन्हा बनवता येतो का?

ब्लॅक अँड व्हाइटचा असेल तर जवळजवळ नेहमी येतो. कुठलाही डबा उघडा, आत साधारण चार कामांचे घटक सापडतात: चांदी मोकळी करणारा (मेटॉल, हायड्रोक्विनोन, फेनिडोन), त्याला हवेपासून सांभाळणारा सोडियम सल्फाइट, कामाला गती देणारी अल्कली (बोरॅक्स, कार्बोनेट, कॉस्टिक) आणि प्रकाश न लागलेल्या भागाला आवरणारा पोटॅशियम ब्रोमाइड. कोडॅकचा डी-७६ हा १९२७ सालचा. त्याचं सूत्र उघड आहे आणि इलफर्डचा आयडी-११ मुळात तोच. तयार पाकिटात पाण्यातल्या क्षारांना बांधून ठेवणारे आणि पूड एकत्र टिकवणारे जादा घटक असतात. सुटी रसायनं विरघळवून ताजा डेव्हलपर बनवणाऱ्याला त्यातले बरेचसे लागत नाहीत. रंगीत फिल्मची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न १३ मध्ये.

२. ही सूत्रं मिळतात कुठून, आणि विश्वास कशावर ठेवायचा?

सर्वांत भरवशाची म्हणजे कंपनीने स्वतः छापलेली पत्रकं. एके काळी कंपन्या सुटी रसायनंही विकायच्या, म्हणून सूत्रं मोकळेपणाने द्यायच्या. त्यानंतर पेटंट. पेटंटमध्ये वजनाचा पल्ला मुद्दाम मोठा ठेवतात. दाव्यांचा भाग सोडून थेट ‘उदाहरण’ या सदराकडे जा, प्रत्यक्षाच्या जवळचे आकडे तिथे असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या तपास पथकांनी जर्मन कारखान्यांत जाऊन लिहिलेल्या ‘बायोस’ आणि ‘फियाट’ अहवालांतून आग्फाची बरीच आतली माहिती बाहेर आली, तीही कामाची आहे.

सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, घटकांची नावं आणि सीएएस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक) देतं, पण वजन ‘१० ते २० टक्के’ असं ढोबळ, आणि धोकादायक नसलेले घटक त्यात सहसा येतच नाहीत. एसडीएसवरून सूत्र ‘काढलं’ म्हणणाऱ्याला सल्फाइट किती घेतला आणि पीएच किती आला, हे आधी विचारा.

३. जुन्या कागदावर एलॉन, जेनॉल, क्विनॉल, कोडाल्क लिहिलंय. ही कुठली रसायनं?

एलॉन, जेनॉल, रोडॉल ही सगळी मेटॉलची व्यापारी नावं. क्विनॉल म्हणजे हायड्रोक्विनोन. कोडाल्क म्हणजे सोडियम मेटाबोरेट. कॅल्गॉन लिहिलं असेल तर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घ्या. त्या नावाने आज विकली जाणारी पूड वेगळी असू शकते.

फसगत होते ती ग्लायसिनमध्ये. फोटोग्राफीचं ग्लायसिन म्हणजे हायड्रॉक्सिफिनाइल ग्लायसिन. पोषणासाठी मिळणारं ग्लायसिन हे साधं अमिनो आम्ल आहे आणि ते फिल्म अजिबात डेव्हलप करत नाही.

मापांचंही तसंच. ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. ब्रिटिश पाइंट ५६८ मिली, अमेरिकन ४७३ मिली. सूत्र कोणत्या देशाचं आहे हे न पाहता पाइंट बदलला तर सगळा डेव्हलपर वीस टक्क्यांनी पातळ किंवा दाट होतो.

४. सूत्राबरहुकूम वजन घेतलं, तरी निगेटिव्ह पातळ येते. का?

पहिला संशय स्फटिकातल्या पाण्यावर घ्या. एकच नाव, पण बाटलीत रसायन किती आणि पाणी किती हे लेबलावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सोडियम सल्फाइट निर्जल असेल तर १०० ग्रॅम, सात रेणू पाण्याचा असेल तर बरोबर दुप्पट, २०० ग्रॅम. सोडियम कार्बोनेट निर्जल १०० ग्रॅम म्हणजे एक रेणू पाण्याचं ११७ आणि दहा रेणू पाण्याचं, म्हणजे स्फटिकी धुण्याचा सोडा, २७० ग्रॅम. हायपो (सोडियम थायोसल्फेट) निर्जल १०० म्हणजे नेहमीचा खडा हायपो १५७ ग्रॅम. लेबलावर रेणुभार छापलेला असतोच. सूत्रातल्या रूपाचा रेणुभार आणि हातातल्या रूपाचा रेणुभार यांचं गुणोत्तर काढा, भांडण मिटलं.

दुसरा संशय पावसाळ्यावर. जून ते सप्टेंबर उघडी राहिलेली कॉस्टिक सोड्याची बरणी हवेतलं पाणी ओढून ओली होते, पोटॅशियम कार्बोनेटचंही तेच. वजन भरतं, पण त्यातला बराच भाग पाण्याचा.

५. नाशिकमध्ये सुटी रसायनं मिळतात का?

मेटॉल, हायड्रोक्विनोन आणि फेनिडोन सोडलं तर बहुतेक मिळतात. ही तीन लॅबोरेटरी केमिकलच्या विक्रेत्याकडून मागवावी लागतात. ‘एलआर’ (प्रयोगशाळेचा साधा) दर्जा पुरतो, महागडा ‘एआर’ (जास्त शुद्ध) लागत नाही. बाकीच्यासाठी हे शहर सोयीचं आहे, कारण इथे द्राक्षं आहेत आणि सराफ बाजार आहे.

बोरॅक्स म्हणजे टाकणखार, सोनार डाग देताना वापरतात तोच. तुरटी किराणा दुकानात. हायपोचे खडे मत्स्यालयाच्या दुकानात, पाण्यातला क्लोरीन मारायला ठेवलेले. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वाइन आणि फळप्रक्रियेचं सामान ठेवणाऱ्यांकडे ‘केएमएस’ या नावाने. पोटॅशियम कार्बोनेट तर कृषी सेवा केंद्रात, बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायच्या द्रावणात ते लागतं. फक्त डिपिंग ऑइल मिसळलेलं तयार मिश्रण उचलू नका. फोटोच्या कागदाच्या डी-७२ या डेव्हलपरमध्ये ६८ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेटऐवजी ८९ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट चालतं.

कृषी दुकानातली एक चूक मात्र पुन्हा पुन्हा होते: ‘बोरॉन २०%’ हे बोरॅक्स नव्हे. ते डायसोडियम ऑक्टाबोरेट, पानांवर फवारायचं, आणि त्याची अल्कलीची ताकद बोरॅक्सपेक्षा कमी. पाकिटावर बोरॉन १०.५% असेल तरच तो बोरॅक्स.

धुण्याचा सोडा मिळाला नाही तर खाण्याचा सोडा पसरट कढईत २०० अंशांच्या आसपास तासभर तापवा. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम उरले की निर्जल कार्बोनेट तयार.

६. सल्फाइट संपला आहे. केएमएसपासून बनवता येईल का?

येतो. सोडियम मेटाबायसल्फाइट ७५ ग्रॅम आणि कॉस्टिक सोडा ३२ ग्रॅम यांतून १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट तयार होतो. द्राक्षवाल्यांचा पोटॅशियमचा केएमएस असेल तर ८८ ग्रॅम, कॉस्टिक तेवढाच. मेटाबायसल्फाइट आधी थंड पाण्यात विरघळवा, कॉस्टिक वेगळ्या थंड पाण्यात, आणि दुसरं पहिल्यात थोडं थोडं ओता. भांडं चांगलंच तापतं. चष्मा आणि हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी.

अडचण अशी की कॉस्टिक जरा जास्त झाला तर पीएच झपकन चढतो, आणि डी-७६ ला तेच सोसत नाही. कागदाच्या डेव्हलपरला हा सल्फाइट चालेल. फिल्मसाठी पीएच मीटर नसेल तर विकतच घ्या. पाचशे ग्रॅमच्या बाटलीत पाच लिटर डी-७६ होतो, त्यासाठी एवढी उठाठेव आमच्या मते फुकट आहे.

७. डी-७६ बनवायची नेमकी रीत काय?

एका लिटरला: मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. वजनकाटा ०.०१ ग्रॅमचा हवा, भाजीचा नको.

साडेसातशे मिली पाणी ५० अंशांवर घ्या. त्यात आधी सल्फाइटची एक चिमूट टाका, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन मेटॉलला खाणार नाही. मग मेटॉल. एकही कण तळाशी दिसेनासा होईपर्यंत ढवळा, मगच उरलेला सल्फाइट. हा क्रम उलटा केला तर दाट सल्फाइटमध्ये मेटॉल विरघळत नाही, पांढऱ्या काड्यांसारखं तरंगत राहतं. सल्फाइटही एकदम ओतू नका. तळाशी सिमेंटसारखा थर बसतो आणि काचकांडीने खरवडावा लागतो. चार-पाच वेळा, धार धरून. मग हायड्रोक्विनोन, मग बोरॅक्स, आणि शेवटी थंड पाण्याने एक लिटर पुरं करा.

द्रावण पाण्यासारखं स्वच्छ किंवा किंचित पिवळसर दिसायला हवं. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा. काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत सहा महिने टिकतो. अर्ध्या बाटलीत त्याच्या निम्माही नाही, म्हणून २५० मिलीच्या चार बाटल्या भरलेल्या बऱ्या.

दोनच घटकांत भागवायचं असेल तर डी-२३: मेटॉल ७.५ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, एक लिटर. पहिल्यांदा बनवणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, बिघडायला जागाच कमी.

८. द्रावण दुधाळ किंवा तपकिरी झालं. फेकून द्यावं का?

दुधाळ झालं तर बहुधा बोअरचं पाणी. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड असतं, त्यातलं कॅल्शियम सल्फाइट आणि कार्बोनेटशी जुळून पांढरा गाळ होतो. काम चालतं, पण गाळाचे कण फिल्मवर चिकटतात. गाळून घ्या आणि पुढच्या वेळी आरओचं पाणी वापरा, किंवा बोअरच्या पाण्यात सगळ्यात आधी हेक्झामेटाफॉस्फेट लिटरला २ ग्रॅम. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी उकळून गाळून घेतलं तर चालून जातं.

तपकिरी म्हणजे हवा लागली. चहाच्या रंगाचा डी-७६ फेका. याला एकच अपवाद, प्रश्न १०.

९. मेटॉलने हाताला पुरळ येतं. फेनिडोन चालेल का?

चालेल, आणि पुरळ आलेल्याने मेटॉल सोडावंच. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. फेनिडोनचे डेव्हलपर-गुण इलफर्डच्या प्रयोगशाळेत १९४० मध्ये सापडले. मेटॉलच्या साधारण दहावा भाग पुरतो: २ ग्रॅमऐवजी ०.२ ग्रॅम. एवढं थोडं वजन करण्यापेक्षा १ ग्रॅम फेनिडोन १०० मिली प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये कोमट करून विरघळवा आणि त्यातले २० मिली घ्या. साध्या पाण्यात ते फार हट्टीपणा करतं. फेनिडोनच्या धुक्यावर (प्रकाश न लागलेल्या भागावर चढणाऱ्या करडेपणावर) ब्रोमाइडचा फारसा उपाय चालत नाही, त्यासाठी बेन्झोट्रायझोल लागतं.

फेनिडोन आणि क जीवनसत्त्वाचे डेव्हलपर बनवणाऱ्यांनी पाण्यातल्या लोखंड-तांब्यापासून जपावं. अशा पाण्यात ॲस्कॉर्बिक आम्ल गुपचूप मरतं: रंग बदलत नाही, वास येत नाही, आणि फिल्म कोरी निघते. म्हणून दर वेळी डेव्हलपिंगच्या टाकीत ओतण्याआधी फिल्मची कापलेली जीभ उजेडात त्यात बुडवून पाहा. काही मिनिटांत काळी झाली नाही तर रोल घालू नका.

१०. पॅरासिटामॉलच्या गोळ्यांपासून रोडिनाल होतो, हे खरं का?

खरं आहे. रोडिनाल हा आग्फाचा १८९१ सालचा डेव्हलपर, मुख्य घटक पॅरा-अमिनोफिनॉल. आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली. जर्मनीतल्या अडॉक्सने तो पुन्हा बाजारात आणला आहे. घरी बनवताना कॉस्टिक सोडा पॅरासिटामॉलचा तुकडा पाडतो, एका बाजूला पॅरा-अमिनोफिनॉल, दुसऱ्या बाजूला सोडियम ॲसिटेट.

पाव लिटरला पॅरासिटामॉल १५ ग्रॅम, निर्जल सल्फाइट ५० ग्रॅम, कॉस्टिक २० ग्रॅम. पंधरा ग्रॅम म्हणजे ५०० मिग्रॅच्या तीस गोळ्या, किंवा ६५० मिग्रॅच्या तेवीस. गोळी निव्वळ पॅरासिटामॉलची हवी. सर्दीच्या किंवा कॅफीन मिसळलेल्या गोळ्या नकोत. दीडशे मिली पाण्यात सल्फाइट विरघळवा, भांडं थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून कॉस्टिक चिमटीचिमटीने टाका, मग गोळ्यांची पूड, आणि पाण्याने २५० मिली करा. तीन दिवस थांबा. गोळीतला स्टार्च खाली बसतो, वरचं निवळ काढून घ्या. रंग हळूहळू गडद होत जातो आणि तळाशी खडे धरतात. दोन्ही चालतं, गडद तपकिरी होऊनही काम देणारा हा एकच.

एका भागाला पन्नास भाग पाणी, आणि एका रोलमागे मूळ द्रावण निदान ५ मिली. वेळ मूळ रोडिनालच्या तक्त्यातली घ्या आणि पहिल्या रोलवरून सुधारा. घाईत दुसऱ्याच दिवशी वापरलेल्या द्रावणाच्या पातळ निगेटिव्ह आमच्याकडे सर्वांत जास्त येतात.

११. फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र कायम करणारं द्रावण) सोपा ना?

सोपा, पण एक जागा निसरडी आहे. खडा हायपो २४० ग्रॅम, सल्फाइट १० ग्रॅम, मेटाबायसल्फाइट २५ ग्रॅम, एक लिटर. हायपो विरघळताना पाणी इतकं गार पडतं की भांड्याला बाहेरून घाम फुटतो, म्हणून सुरुवात ५० अंशांच्या पाण्याने करा. मेटाबायसल्फाइट मात्र द्रावण गार झाल्यावर आणि सल्फाइट विरघळल्यावरच. गरम हायपोत आम्ल पडलं की गंधक सुटतं, द्रावण दुधासारखं होतं आणि ते परत निवळत नाही.

फिल्म पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ ठेवा. ताज्या फिक्सरमध्ये लागलेली वेळ बाटलीवर लिहून ठेवा. ती दुप्पट झाली की फिक्सर संपला. सपाट कणांच्या नव्या फिल्मना साधा हायपो मंद पडतो, दहा मिनिटं तरी द्या.

१२. सूत्रात २० अंश लिहिलंय. नाशिकच्या मे महिन्यात काय करायचं, आणि जानेवारीत?

मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या वर असतं. दर अंशाला वेळ साधारण दहा टक्के कमी: २० ला दहा मिनिटं तर २४ ला सात. पाच मिनिटांखाली गेलं की डाग पडतात, तेव्हा डी-७६ तेवढ्याच पाण्यात पातळ करून वेळ वाढवा. बर्फ पिशवीत बांधून बाहेरच्या बादलीत टाका, द्रावणात नको. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी एकमेकांच्या दोन-तीन अंशांत ठेवा. गार डेव्हलपरमधून थेट नळाच्या कोमट पाण्यात गेलेल्या फिल्मचा जिलेटिनचा थर सुरकुततो.

जानेवारीतल्या पहाटे उलटा प्रकार. १३ अंशांच्या खाली हायड्रोक्विनोन जवळजवळ झोपतं आणि डी-७६ एकट्या मेटॉलवर चालतो. चित्र येतं, पण मिळमिळीत. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड (डेव्हलपरचं काम थांबवायला वापरतात ते) तर १६.६ अंशांवरच गोठतं. बाटलीत बर्फाचा दगड दिसला तर ती बिघडलेली नाही, कोमट पाण्यात उभी करा. विस्तवाजवळ नेऊ नका, त्याची वाफ पेट घेते.

१३. कोडाक्रोम किंवा पोलरॉइड पुन्हा जिवंत करता येईल?

कोडाक्रोम घरी रंगीत करणं सोडून द्या. १९३५ ते २००९ विकल्या गेलेल्या या फिल्ममध्ये रंगाचे घटक नसतातच. ते तीन वेगवेगळ्या डेव्हलपरमधून येतात, मध्ये लाल आणि निळ्या प्रकाशाने नेमका उजेड द्यावा लागतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं. कपाटात सापडलेला रोल ब्लॅक अँड व्हाइट म्हणून डेव्हलप होतो. पाठीवरचा काळा थर धुऊन काढावा लागतो, आणि आतल्या पिवळ्या चांदीच्या गाळणी-थरामुळे निगेटिव्ह गडद दिसते. सी-२२ या जुन्या प्रक्रियेच्या रंगीत रोलचाही हाच मार्ग. तो सी-४१ या आजच्या रंगीत प्रक्रियेत टाकू नका, ३८ अंशांवर त्याचा मऊ थर सुटू शकतो.

पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्म बंद केली. नेदरलँड्समधल्या एन्शेडेच्या कारखान्यात यंत्रं वाचली, जुने कामगारही होते, पण घटक पुरवणारे उरले नव्हते, म्हणून रसायन नव्याने जुळवावं लागलं. २०१० ची पहिली फिल्म कॅमेऱ्यातून बाहेर येताच उजेडापासून झाकावी लागायची. यंत्रं आणि माणसं असूनही हे असं. घरच्या मोरीत ते जमणार नाही.

१४. जुन्या सूत्रांपैकी काय बनवूच नये?

मर्क्युरिक क्लोराइडचे इंटेन्सिफायर (पातळ निगेटिव्ह दाट करणारे), युरेनियमचे टोनर (चित्राचा रंग बदलणारे), सायनाइडचा फिक्सर. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, त्याला पर्याय असतील तिथे टाळा. लाल पोटॅशियम फेरिसायनाइड नावाइतकं भयंकर नाही, पण तीव्र आम्लात पडलं की हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो; त्याची बाटली ॲसिडच्या फळीवर ठेवू नका.

१५. वापरलेला फिक्सर कुठे टाकायचा?

गटारात नाही. आपली गटारं नासर्डी-वाघाडीमार्गे गोदावरीत जातात आणि फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते. प्लास्टिकच्या बादलीत साबण नसलेली स्टील वूल टाकून आठवडाभर ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. गाळ वाळवून साठवा. किलोभर झाला की चांदी गाळणाऱ्याला दाखवता येतो, जुन्या एक्स-रे फिल्मसारखाच. फिक्सरमध्ये ब्लीच किंवा ॲसिड ओतून ‘स्वच्छ’ करायला जाऊ नका, विषारी वायू सुटतो.

१६. माझा डेव्हलपर मूळच्या बरोबरीचा आहे, हे कसं कळणार?

एकाच रोलवर, एकाच उजेडात, एकच करडा पुठ्ठा आणि त्याशेजारी पांढरं-काळं कापड असं सगळ्या फ्रेमवर टिपा. अंधारात रोलचे तीन तुकडे करा. एक ज्ञात डेव्हलपरमध्ये, दोन तुमच्यात, वेगवेगळ्या वेळेला. लाइट टेबलवर शेजारी ठेवून सावलीचा भाग आधी पाहा; उजळ भाग वेळ वाढवून दाट करता येतो, सावली येत नाही.

पीएच मीटर असेल तर डी-७६ साधारण ८.५ ते ८.७ दाखवतो. मीटर जुळवायला विकतचं द्रावण नसेल तर ३.८१ ग्रॅम टाकणखार एक लिटर आरओच्या पाण्यात: २५ अंशांवर ९.१८.

१७. महिनाभर ठेवलेला डी-७६ ताज्यापेक्षा जोरात चालतोय. असं कसं?

हे मूळ सूत्रातलंच वैगुण्य आहे. बाटलीत हायड्रोक्विनोन आणि सल्फाइट यांची प्रक्रिया होऊन अल्कली तयार होते, पीएच चढतो, आणि २ ग्रॅम बोरॅक्सला तो थोपवता येत नाही. कोडॅकनेच त्यावर डी-७६डी काढला: मेटॉल, सल्फाइट, हायड्रोक्विनोन तेवढंच, बोरॅक्स ८ ग्रॅम आणि बोरिक ॲसिड ८ ग्रॅम. महिन्याला एखादाच रोल करणाऱ्याने हाच बनवावा. पहिल्या रोलला साध्या डी-७६ ची वेळ घ्या आणि प्रश्न १६ प्रमाणे तुकडे करून पाहा.